पाहुण्याची सायकल

मॉलमध्ये मुलांची चित्रकला स्पर्धा होती आणि बक्षिसं द्यायला मला बोलावलं होतं. मी चित्रकलेचा शिक्षक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळं अशी बोलावणी आता क्वचितच येतात. मॉलचा मॅनेजर माझा जुना विद्यार्थी. "सर, गाडी पाठवू का?" असं त्यानं फोनवर विचारलंही होतं. मीच नको म्हणालो.

"रिक्षानं जावा की," बायको म्हणाली. "इस्तरीचा झब्बा हाय. चेनचं तेल लागंल."

मी पायजमा घोट्याशी आवळून क्लिप लावली आणि सायकल काढली. आयुष्यभर शाळेत सायकलनंच गेलो. मॉलला जायला वेगळं काय लागतंय, असं मला वाटलं.

मॉल उचगावच्या बाजूला, हायवेला लागून. फाटकावर माझ्याच वयाचा एक वॉचमन उभा होता. निळा गणवेश त्याच्या अंगावर ढगळ झाला होता. त्यानं हात आडवा केला.

"पावणं, सायकल आत न्हाय."

"मग लावू कुठं?"

"फोर व्हीलर खाली, टू व्हीलर मागच्या अंगाला."

"ही टू व्हीलरच आहे की."

तो हसला नाही. "सायकलला जागाच केलेली न्हाय. साहेबाची आर्डर हाय."

"अहो, आत कार्यक्रम आहे. मी पाहुणा आहे त्याचा."

"हितं येणारी समदी पावणंच की वो."

एवढ्यात मागं गाड्यांची रांग लागली. कुणीतरी हॉर्नवरचा हात काढेना. एका गाडीची काच खाली आली आणि आतली बाई म्हणाली, "काका, बाजूला घ्या ना जरा." मी सायकल बाजूला घेतली. झब्बा पाठीला चिकटला होता. माझा फोनही वाजत होता. आत माझी वाट बघत असणार.

वॉचमननं माझ्याकडं नीट बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हायवेच्या पुलापल्याड पंक्चरचं दुकान हाय. मी माझी सायकल तिथंच लावतो. पर तुमास्नी उशीर हुईल. असं करा, त्या जनरेटरच्या मागं ठेवा. कुणाला दिसायची न्हाय. कार्यक्रम झाला की लगेच काढा."

मी त्याचे आभार मानले, सायकल जनरेटरच्या जाळीला टेकवली आणि आत पळालो.

आत तळमजल्यावर छोटंसं स्टेज होतं. मला शाल मिळाली, गुच्छ मिळाला. मुलांची चित्रं खरंच छान होती. एका मुलीनं म्हैस हिरवी रंगवली होती. मी तिच्याबद्दल दोन शब्द बोललो आणि खुर्चीवर येऊन बसलो. त्या क्षणापर्यंत मी सुखात होतो.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या कानाशी येऊन कुणीतरी काहीतरी सांगितलं. ती माईकवर म्हणाली, "एक सूचना आहे. जनरेटरजवळ कुणीतरी एक जुनी सायकल लावलेली आहे. ज्यांची असेल त्यांनी कृपया लगेच काढावी." मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, ती हसत म्हणाली, "सायकलवरून मॉलला कोण बरं आलंय?"

मुलं खिदळली. त्यांचे आईबापही हसले. सरकत्या जिन्यावरची माणसं वाकून खाली बघायला लागली. माझ्या कानशिलांना चटका बसला. गप्प बसावं असं क्षणभर मनात आलं, पण सायकल उचलून टाकली असती तर घरी कसा गेलो असतो? मी हात वर केला आणि पुटपुटलो. तिला ऐकू आलं नाही. तिनं प्रेमानं माईक माझ्या तोंडाशी आणला. "काय म्हणालात सर?"

"माझी आहे."

ते दोन शब्द सगळ्या मजल्यांवर घुमले. हसणं एकदम थांबलं. पोरगी गडबडली, पण हुशार होती. "बघा! सरांनी आज आपल्याला पर्यावरणाचा केवढा मोठा संदेश दिलाय!" टाळ्या पडल्या. मी कसला संदेश देणार? मला स्कूटर कधी जमलीच नाही, एवढंच खरं. मांडीवरच्या गुच्छाकडं बघत मी टाळ्या संपायची वाट बघत राहिलो.

स्टेजवरून उतरल्यावर मॅनेजर मला फाटकाकडं घेऊन गेला. फाटकावर काय झालं ते त्याला कळलं होतं आणि त्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं वॉचमनला हाक मारली आणि येणाऱ्या जाणाऱ्यांसमोर सुरू झाला. "सरांना अडवलंस तू? आणि वर सायकल तिथं लावायला कुणी सांगितलं? माफी माग सरांची!"

"अरे, त्यांची काही चूक नाही," मी म्हणालो. "त्यांनी उलट माझी सोय केली. जागा तुम्हीच ठेवलेली नाही."

"सर, हा तुमचा मोठेपणा," असं म्हणून मॅनेजर पाया पडला.

वॉचमननं माझ्यापुढं हात जोडले. मी त्याचे हात धरले, पण तोपर्यंत तो "चुकलं सायेब" म्हणून मोकळा झाला होता. मग मॅनेजरनं माझी सायकल त्यालाच आणायला लावली. त्यानं ती गाड्यांमधून ढकलत आणली, सीट बाहीनं पुसली आणि माझ्या हातात दिली. माझ्याकडं बघितलंच नाही.

दोनचार दिवस ते माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी त्याला भेटायला गेलो. सायकल पुलापल्याडच्या पंक्चरच्या दुकानात लावली आणि चालत फाटकावर आलो. तिथं वेगळाच वॉचमन होता. "ते म्हातारं व्हय? एजन्सीनं त्येस्नी कागलला टाकलं, एमायडीशीत."

कागलला एसटीनं गेलो. विचारत विचारत एका कारखान्याच्या फाटकावर तो सापडला. त्यानं मला लगेच ओळखलं, स्टूल दिलं, बाटलीतलं पाणी दिलं. मी ठरवून आणलेलं सगळं विसरलो. "माझ्यामुळं तुमची बदली झाली," एवढंच म्हणालो.

"तुमी काय केलासा त्यात?" तो म्हणाला. "आनि हितं सायकलला पत्र्याचं शेड हाय बगा."

"पण रोज एवढं लांब सायकलनं?"

"लांब पडतंय की. पाय भरून येत्यात." त्यानं गुडघ्यावरून हात फिरवला. ते तो तक्रारीनं म्हणाला नाही, म्हणून मला ते जास्त लागलं. मग त्यानं विचारलं, "तुमची सायकल कुठं हाय?"

"घरी. एसटीनं आलो."

"बरं केलासा. ह्या वयात एवढं दामटू नगासा."

तेवढ्यात एक ट्रक आला आणि तो फाटक उघडायला उठला.