शनिवारचे लाडू

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या वर्षांत माझ्या तळहातांना खाज सुटली आणि घरात पहिला संशय आला मासोळीवर. आम्ही आंधळगावचे विणकर. कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा मांडीवर वळायचा तर बाईचा तळहात गुळगुळीत लागतो. माझ्या हातांना भेगा पडल्या होत्या, त्यांत धागा अडकायचा आणि तुटायचा. हात असेच राहिले तर मला या कामावरून उठावं लागणार होतं. तसं कुणी बोललं नाही, पण सासूबाई माझ्या हातांकडे बघून नजर वळवायच्या, तेव्हा मला ते कळायचं.

तलावाची मासोळी विकणाऱ्या बाईला त्यांनी दारातूनच परत लावलं. "तुयी मासोळीच नडली माह्या सुनेले," म्हणाल्या. मग वांगं गेलं, अंडी गेली, दूधही गेलं. माझ्या ताटात वरणभात तेवढा उरला. मी मुळातच संशयी बाई. तो वरणभातही मी आधी हुंगून बघायची, कुणी चुकून काही मिसळलं तर नाही ना. हात मात्र होते तसेच.

शेवटी सासूबाई मारुतीला नवस बोलल्या: सून बरी होईस्तोवर दोघी शनिवार धरू. उपासाच्या खाण्यावर कोण संशय घेणार? पहाटे उठून त्या स्वतः शेंगदाणे भाजायच्या, गूळ घालून लाडू वळायच्या आणि त्यातले मोठे मला वाढायच्या. रविवारी माझ्या हातांची आग आग व्हायची. शनिवारी धुणं असायचं, म्हणून मी साबणावर आळ घेतला.

दिवाळीत माहेरी पवनीला गेले. आईनं उपास करू दिला नाही. "आधीच काडी झाली तू," म्हणत तिनं मासोळी, अंडी, दूध, सगळं खाऊ घातलं. धुणीही मीच धुतली, त्याच साबणानं. तरी हात निवले. परत आले, पहिल्याच शनिवारी दोन लाडू खाल्ले, आणि संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांत पुन्हा पुळ्या उठल्या. तेव्हा कुठे मी त्या लाडवांकडे वाकड्या नजरेनं पाहिलं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी लाडवांचं ऐकून घेतलं, हात उलटेपालटे करून पाहिले. "हा एक्झिमा आहे. दाणे काही दिवस बंद करून बघा, पण एका वेळी एकच वस्तू. सगळ्यांचा त्रास खाण्यातूनच येतो असं नाही. मासे, अंडी, दूध सगळंच सोडलं तर अंगात ताकद कुठून येईल? आणि मलम चुकवू नका."

घरी येऊन सांगितलं, तर सासूबाईंचा चेहरा आधी उतरला, मग कडक झाला.

"उपास सोडाचा बहाना करून राहिली का तू?"

मला राग आला. "उपास नाही सोडत, आई. दाणेच सोडून राहिली."

मला वाटलं, आता हे भांडण वर्षभर पुरणार.

पुढच्या शनिवारी ताटात तलावातले उकडलेले शिंगाडे आले. घेतले होते त्याच मासोळीवाल्या बाईकडून, जिला दारातून हाकललं होतं. मी सवयीनं एक उचलून हुंगला. "दाण्याचा कूट नाही टाकला," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्यादेखत आधी स्वतः एक खाल्ला.

हळूहळू भेगा भरत आल्या. मलमानं की पथ्यानं, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोन्ही चालू ठेवलं. धागा पुन्हा न तुटता वळू लागला आणि मारुतीचा नवस फिटला. सासूबाईंनी शनिवार मात्र सोडले नाहीत, पण त्यांच्याही ताटात लाडू परत आला नाही. त्यांना दाण्यांचा काहीच त्रास नव्हता. काहून नाही खात, असं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मले कधी आवडतच नव्हते."

ताटलीत सांडलेला लाडवाचा चुरा बोटानं टिपून खाताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलं होतं. त्यांच्या त्या बोलण्यावर माझा अजूनही विश्वास नाही.