पहिलं माप
नव्या तांदळाचा वास आला की मला कॉलेजची कॉम्प्युटर लॅब आठवते. पहिल्या वर्षाचा प्रोग्रामिंगचा तास, एसीची थंडी, आणि एका कॉम्प्युटरवर आम्ही दोघी. मी भाईंदर पूर्वेची, माझ्या शेजारी बसणारी जवळच्याच मुर्धा गावची. तिच्या ‘हाय-न्हाय’ला पोरं हसायची, म्हणून ती वर्गात तोंडच उघडायची नाही. त्या दिवशी आम्ही स्टेशनांची यादी टाइप केली होती: दहिसर, मीरा रोड, भाईंदर. पहिलं स्टेशन हवं म्हणून एक टाकला, तर स्क्रीनवर मीरा रोड! सगळ्यांचं तेच. मॅडम म्हणाल्या, “कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो. पहिल्याचा नंबर शून्य.” मागून कोणीतरी ओरडलं, “मॅडम, ये क्या लॉजिक है? पहिला म्हणजे एकच ना!” वर्ग खिदळला. आणि माझ्या शेजारची उभी राहिली. “आमच्यात पण भात मोजताना पहिल्या मापाला एक न्हाय बोलत. लाभ बोलतात. मंग दोन, तीन.” मॅडमनी विचारलं, “का गं?” “पहिलं माप देवाचं हाय. त्याला आकडा न्हाय लावत.” या वेळी कोणीच हसलं नाही. मला वाटलं, खळ्यातली माणसं आणि हे काचेमागचं यंत्र, दोघंही पहिल्याला ‘एक’ म्हणायला धजत नव्हती. तिने खाली बसून एक खोडला, शून्य टाकलं, आणि दहिसर आलं. आता प्रोग्राम लिहिणं हीच माझी नोकरी आहे. शून्य टाइप करताना अजून माझे ओठ हलतात, आणि ऑफिसात कोणालाच कळत नाही मी काय म्हणते ते.