सोनवण्यांचे बावीस हजार शंभर हात

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार माणसं वर्षानुवर्षं एकाच झाडाखाली डबा खातात, आणि पुढं कधीतरी एखाद्या लग्नात भेटली की एक जण म्हणतो, "सोनवण्यांचं ते आठवतंय का रे?" मग पंगत उठते, आम्ही उठत नाही.

बारामती एमआयडीसीत दुधाचा एक कारखाना होता. साल ब्याण्णव-त्र्याण्णव असेल. मी बॉयलरवर, शिंदे पॅकिंगला, मोरगावचे तात्या टँकरवर ड्रायव्हर. दुपारच्या सुट्टीत गेटजवळच्या कडुलिंबाखाली आमची तीन पत्ती चालायची. पैसे नाहीत, चिंचोके. सोनवणे लॅबमध्ये नवीन लागले आणि चौथा गडी मिळाला.

*

पहिल्या दिवशी ते खेळलेच नाहीत. दुधाच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर पेनानं काहीतरी मांडत बसले. मग म्हणाले, "बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे बावीस हजार शंभर वेगवेगळे हात होतात. त्यातल्या दर चारपैकी तीन हातांत काहीच नसतं. साधी जोडीसुद्धा नाही."

तात्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "समदं हात एकेकदा खेळायचं म्हटलं तर किती दिस लागतील?"

सोनवण्यांनी सुट्ट्या वजा करून हिशेब केला. "रोज वीस डाव धरले तर पावणेचार वर्षं."

"मंग तवर नोकरी सोडू नगंस," तात्या म्हणाले आणि पत्ते त्यांच्यापुढं सरकवले.

*

एकदा सोनवण्यांना प्युअर सिक्वेन्स आला, इस्पिकचे आठ-नऊ-दहा. पण शिंद्यांकडं तीन सत्त्या, म्हणजे ट्रेल, खेळातला सगळ्यांत मोठा हात. चिंचोके शिंद्यांनी ओढले. सोनवण्यांना ते पटेना.

"सगळ्या हातांत ट्रेल बावन्न असतात आणि प्युअर सिक्वेन्स अठ्ठेचाळीस. म्हणजे माझा हात जास्त दुर्मिळ. जो दुर्मिळ तो मोठा पाहिजे."

तात्या म्हणाले, "दुर्मिळ म्हंजे मोठं असतंय व्हय? आमच्या आळीत येम्मे झालेला येकच पोरगा हाय. त्यो शेरडं राखतोय."

आम्ही हसलो. सोनवणे हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या वस्तीत बीएस्सी मी एकटाच." मग पत्ते पिसायला घेतले.

*

सोनवण्यांचं घर इंदापूरला. एका रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांच्या पत्नी कमलवहिनी झेडपीच्या शाळेत शिकवायच्या. जेवणं झाल्यावर बुद्धाच्या फोटोखाली सतरंजी टाकली आणि वहिनी म्हणाल्या, "मलाही वाटा."

शेवटी डावात नवरा-बायको दोघंच उरले. वहिनी चिंचोके वाढवत गेल्या. सोनवण्यांनी एकदा पत्ते बघितले, एकदा वहिनींकडं बघितलं आणि पत्ते टाकले. "पॅक."

त्यांच्याकडं राण्यांची जोडी होती. वहिनींनी पत्ते उघडले, तर सत्ती, चौकी, दुर्री.

शिंदे म्हणाले, "वहिनी, गणितात तर हे पक्के आहेत."

"यांना पत्ते कळतात," वहिनी म्हणाल्या. "मला हे कळतात."

सोनवणे इतके खूश झालेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

*

पुढच्या वर्षी वहिनींना जिना चढता येईना. श्वास पुरायचा नाही. हृदयाची झडप खराब झाली होती, पुण्यात ऑपरेशन ठरलं. सोनवण्यांबरोबर डॉक्टरांना भेटायला मी गेलो होतो.

डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका. बहुतेक पेशंट बरे होतात."

"बहुतेक म्हणजे किती?"

"बहुतेक म्हणजे बहुतेक."

"आणि ते कुठल्या वयाचे? त्यांची झडप हिच्याइतकीच खराब होती का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही काय करता?"

"दुधाचा फॅट बघतो. कॅन नीट ढवळल्याशिवाय नमुना घेतला, तर आकडा खोटा येतो."

डॉक्टरांनी चष्मा परत चढवला आणि फाईल मिटली. बाहेर आल्यावर सोनवणे बाकावर बसले आणि मला म्हणाले, "चिडून नाही विचारलं रे. मला खरंच आकडा पाहिजे होता. धरून ठेवायला."

*

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तिघंही सकाळच्या एसटीनं पुण्याला गेलो. हॉस्पिटलात तात्या सोनवण्यांच्या शेजारी बसले. "मोरगावच्या गणपतीला बोललोय मी. तुला चालंल न्हवं?"

"बोला तात्या. मला का नाही चालणार?"

दुपारी डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावरूनच आम्हाला कळलं. शिंदे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. तात्यांनी सोनवण्यांचा हात धरला.

शेवटी सोनवणेच बोलले. "बहुतेकांत बसली नाही ती."

*

पंधरा दिवसांनी ते कामावर आले. डबा कँटीनचा. पत्ते वाटले, तर ते उचलेचनात. न बघता, ब्लाइंडच खेळले. पुढचा डाव तसाच, दुसरा दिवसही तसाच. एरवी चारातले तीन हात टाकून देणारा माणूस ओंजळीनं चिंचोके हरत होता.

"सोनवणे, पत्तं तरी बघ की," तात्या म्हणाले.

"बघून काय मिळालं तात्या इतके दिवस?"



*

त्यानंतर महिनाभरानं तात्यांनी लबाडी सुरू केली. वाटायची पाळी त्यांची असली की सोनवण्यांना चांगला हात यायचा. तात्यांची बोटं स्टिअरिंगची, राठ. पत्ते लावताना ती अडखळायची आणि आम्हाला सगळं दिसायचं. मी आणि शिंदे मुकाट्यानं पॅक करायचो. पत्ते न बघणाऱ्या सोनवण्यांना शेवटी दाखवावे लागायचे, तर सोमवारी तीन गुलाम, बुधवारी तीन नव्व्या.

शुक्रवारी पुन्हा तात्यांची पाळी. त्या दिवशी मात्र सोनवण्यांनी पत्ते उचलले. तीन राजे. त्यांनी एकदा पत्त्यांकडं बघितलं, एकदा तात्यांच्या राठ बोटांकडं.

"तात्या, सव्वाचारशे डावांत एकदा येतो असा हात."

"व्हय का? मंग नशीब हाय तुझं," तात्या म्हणाले. मान वर न करता ते लोणच्याची फोड चोखत राहिले.

सोनवण्यांनी चिंचोके ओढून घेतले. पुढची पाळी त्यांची होती. त्यांनी पत्ते गोळा केले, सावकाश पिसले, चौघांना वाटले आणि डब्यातली भाजी खायला लागले.

तात्यांनी आपले तीन पत्ते उचलले. बघितले. पुन्हा बघितले. मग डोक्यावरची टोपी काढून तिच्या काठानं डोळे पुसले आणि पत्ते खाली ठेवले.

तीन एक्के होते.