काशीरामची पिकअप घाटी चढते

काशीराम गोताड तसा वाईट माणूस नाही, फक्त त्याच्या गाडीचं नाव काढायचं नाही. त्याच्या टकलावर बोला, वाकड्या बांधलेल्या गोठ्याला हसा, तोही तुमच्याबरोबर हसेल. पण त्याची पिकअप कोंडीच्या घाटीला दमते असं कोणी म्हटलं, की स्वारी त्या माणसाच्या ओटीवर पुन्हा पाय ठेवत नसे. आणि दमायची तर ती खरंच! मालगुंडच्या बाजूने सड्यावरच्या वाडीला चढणारा तो उभा रस्ता. गाडीत आंब्याच्या पेट्या असोत, चिरे असोत, नाहीतर बाजार करून आलेल्या बायका, मधल्या वळणावर ती धापा टाकायची आणि मागची माणसं उतरून खांदा लावायची. पुढे पुढे तर लोक पायथ्यालाच उतरायला लागले. लोकांना त्याचं काही नव्हतं. काशीरामला मात्र वाटायचं, अख्खी पंचक्रोशी आपल्या नावाने दात काढत्ये.

त्यात मनस्वीचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक. मुलगा सर्वेश, चिपळूणचा, घरची माणसं म्हणजे बडं प्रस्थ. लग्न मुलीच्या दारात. वऱ्हाडाची बस घाटी चढणार नाही, म्हणजे पायथ्यापासून पुढे पिकअपच. काशीरामची झोप उडाली.

"गोदा, व्याह्यांनी फेटा बांधून माझी गाडी ढकलली तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. ढकलगाडीवाल्याची पोर म्हणतील."

त्याची बायको गोदा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग दुसऱ्या कोणाची गाडी सांगा."

"माझ्या पोरीचं वऱ्हाड दुसऱ्याच्या गाडीतनं? गप बस गो!"

आणि उठून गेला जयगडला, अस्लमकडे. अस्लमने मस्कतला वाळूत उधळणाऱ्या गाड्यांची ताकद वाढवण्यात उमेदीची वर्षं घातलेली. इथे येऊन गॅरेज टाकलं, तर नशिबी आले नुसते ब्रेक आणि पंक्चर. काशीरामचं मागणं ऐकून त्याला ईदच झाली म्हणा ना! त्याने लॅपटॉप जोडून गाडीच्या कॉम्प्युटरमधलं डिझेलचं गणित बदललं, टर्बोचा दाब वाढवला, हवा थंड करायला मोठा कूलर बसवला, सायलेन्सरचा पाइप रुंद केला.

"काशीरामदादा, एक ध्यानात ठेवा. चढणीला सुरुवातीपासून पाय दाबलेला पाहिजे. मधे सोडलात तर टर्बोचा दम जाईल."

काशीरामने मागच्या फाळक्यावर लाल अक्षरांत 'सुपरचार्ज' लिहून घेतलं. अस्लम म्हणाला, "दादा, सुपरचार्जर वेगळा असतो, हा टर्बो." काशीराम म्हणाला, "असू दे रे, वाचणाऱ्याला काय कळतंय!" आता असल्या माणसाशी वाद कोण घालणार?

लग्नापर्यंत त्याने गाडीत कोणाला चढू दिलं नाही. पहिला मान वऱ्हाडाचा. वाडीतलं कोणी विचारलं तर मिशीतल्या मिशीत हसायचा. त्यामुळे गाडीत काय बदललंय हे वाडीला कळलंच नाही, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

लग्नाच्या सकाळी हौसाकाकी धरून वाडीतली चार मोठी माणसं वऱ्हाडाला सामोरी गेली. बसमधली माणसं पिकअपमध्ये चढली, त्यांच्याबरोबर हीही. नवरदेव पुढे, काशीरामशेजारी. मागची काच 'मनस्वी–सर्वेश' अशा फलकाने झाकलेली, ड्रायव्हरकडच्या आरशावर झेंडूची माळ. दिसणार काय, कपाळ?

थोडं पुढे, चढण सुरू होते तिथे, राखणदार देवाचं ठिकाण आहे. प्रत्येक गाडीवाला तिथे थांबून हात जोडतो. काशीरामही थांबला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, आजवर झालं ते झालं. आज माझी लाज राख." गाऱ्हाणं लांबलं. एका पायाने इंजिन घोंगावत ठेवलेलं होतंच. मग डोळे उघडून त्याने जो पाय दाबला, तो वर पोचेपर्यंत उचलला नाही.

गाडी मधलं वळण कधी चढली ते कळलंसुद्धा नाही. काशीरामने आनंदाने स्टिअरिंगवर थाप मारली. "बघितलात, जावईबापू? मागे अख्खं वऱ्हाड आणि गाडीला पत्ता नाय!"

सर्वेश आपल्या बाजूच्या आरशात बघत होता. "हो," तो म्हणाला, "मस्त चढते."

मांडवापुढे गाडी थांबली. वाजंत्री सुरू झाली, गोदा भाकरतुकडा घेऊन पुढे आली, काशीरामने मोठ्या ऐटीत फाळका उघडला. आत एक नारळाचं पोतं आणि हौसाकाकीची छत्री!

तेवढ्यात फोन वाजला. पायथ्यावरून हौसाकाकीच. "मेल्या, आम्हाला टाकून कुठं गेलास?"

झालं होतं ते असं. गाडी थांबली, तशी हौसाकाकी नेहमीच्या सवयीने खाली उतरली. तिच्यामागून वाडीची माणसं. पाहुणे बघतच राहिले, तर त्यांनाही तिने सांगितलं, "उतरा हो, इथं उतरायचं असतं. गाडी दमते." बिचारे उतरले, सवयीने कोणीतरी फाळकाही लावून घेतला. व्याह्यांनी फेटा सावरून खांदा लावायला हात पुढे केले, आणि गाडी सुसाट निघून गेली. हात तसेच हवेत.

काशीराम मांडवाच्या खांबाला टेकून मटकन खाली बसला. ज्याला भ्याला तेच झालं, तेही स्वतःच्या पायाने. जवळ उभ्या सर्वेशकडे बघायचाही त्याला धीर होईना.

"तुम्हाला आरशात दिसलं नाय?"

"पहिल्या वळणावरच दिसलं."

"मग बोललात का नाय?"

सर्वेशने मुंडावळ्या कानामागे सारल्या. "बाबा, तुम्ही इतके खूश होतात. मला सांगवेना. म्हटलं, वर पोचलो की मीच जाऊन सगळ्यांना घेऊन येईन. चावी द्या."

काशीरामने आजवर त्या गाडीची चावी सख्ख्या भावाच्या हाती दिली नव्हती. त्याने ती दिली. गाडी खाली गेली, आणि हा बाप्या मांडवात सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागला. गोदा धावत आली.

"अहो, व्याही रागावले काय?"

"रागावू देत गो," काशीराम डोळे पुसत म्हणाला. "आपली पोर सुस्थळी पडली."