डोनलचे राजे

आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावातले आमचे शेजारी डोनल गेल्या वर्षी गेले. नाण्यावरच्या राजाची ओळख करून द्यायचे ती टेबलावर मूठ आपटून. पहिल्याच भेटीत त्यांनी स्पेनचा तिसरा कार्लोस दाखवला आणि माझ्या हातातलं बिस्किट उडालं. राजाच्या गालावर खड्डे होते. चांदी खरी की खोटी हे बघायला चिनी व्यापारी त्याच्या थोबाडावरच शिक्का ठोकायचे, हे त्यांनी इतक्या चवीने सांगितलं, की मी नकळत आपला गाल झाकला. माणूस आयुष्यभर खाटिकखान्यात राबलेला. मी औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासणारा.

जुन्या स्पॅनिश नाण्यांचा अख्खा ट्रे होता त्यांच्याकडे. राजांविषयी मात्र गल्लीतल्या गुंडांविषयी बोलावं तसं बोलायचे. "युअर मॅन फर्नांदो, तो पठ्ठ्या! सख्ख्या बापाला गादीवरून खेचलं. घर म्हटलं की रक्त सांडायचंच."

हे अनुभवाचे बोल होते. वडिलांना पुरून आल्यावर, त्यांनी मागे ठेवलेल्या चौथ्या कार्लोसच्या नाण्यावरून डोनलनी स्वयंपाकघरात धाकट्या भावाचा, पॅटचा, जबडा फोडला होता. पॅट नास नावाच्या गावी राहायचा, गाडीने तासाभरावर. अकरा वर्षं बोलणं नव्हतं. "दात त्याचे गेले, नाणं मला मिळालं," म्हणायचे, आणि ट्रे झाकून ठेवायचे.

एका दिवाळीत सांगलीहून आई आली होती. लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं तिकडेच राहिलं, हे कळताच डोनलनी चौथा कार्लोस आणून दिला. "देवीला दाखव. पण जुनं नाणं घासणाऱ्याचे मी हात तोडतो." हे शेवटचं वाक्य आईला सांगायचं मी विसरलो.

"देवीपुढं असलं काळंकुट्ट ठेवतात व्हय रं?" म्हणत आईने ते चिंच-मिठाने खसाखसा घासलं. राजा लख्ख झाला, पण गालाखालून लाल दिसू लागला. तांबं! वर चांदीचा नुसता मुलामा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोनल नाणं न्यायला आले. बघितलं. मूठ उगारली. मी खाली वाकलो (या बाबतीत मी फार चपळ आहे) आणि मूठ आमच्या प्रेसच्या, म्हणजे इथल्या भाषेत स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या, दारातून आरपार गेली. आतल्या बरण्या फुटल्या.

"मेल्या, हात कापला की!" आईने त्यांचं मनगट धरून हळद दाबली. एवढा दांडगा माणूस फरशीवर बसून रडायला लागला. "तांब्यासाठी फोडलं मी त्याला."

आईने अर्थ विचारला. मी सांगितला.

"मग हितं कशाला रडतोय? भावाकडं जा म्हणावं. तू गाडी काढ."

नास गावी पॅटने दार उघडलं. डोनलनी नाणं पुढे केलं. "खोटं आहे. आपल्या बापाचं खोटं होतं."

पॅटने नाणं उलटसुलट पाहिलं, खिशात टाकलं आणि एक ठेवून दिली. डोनल गुलाबाच्या झुडपात पडले. उठले. दुसरी बसली. पुन्हा पडले, पुन्हा उठले, पण हात उचलला नाही. मी गाडीची दारं लॉक करून काचेआडून मध्यस्थी करत होतो. तिसऱ्या वेळी पॅटचा हात वरच राहिला. मग त्याने भावाची कॉलर धरली आणि त्याला फरफटत घरात नेलं.

अर्ध्या तासाने काचेवर टकटक झाली. पॅट बोटं चोळत उभा होता.

"तो आज इथेच राहील. चहा टाकलाय. येतोस, की घाबरतोस?"

"घाबरतो," म्हटलं, आणि आत गेलो.