उलट्या आट्यांचा नट

जीपची पहिली स्टेपनी अकोल्याच्या कापूस बाजाराबाहेरून भर दुपारी गेली. आम्ही दोघे भाऊ आत कापसाचा भाव ठरण्याची वाट पाहत होतो. बाहेर आलो तेव्हा जीपच्या मागे तीन मोकळे बोल्ट तेवढे उरले होते. चोराने नटही नेले होते.

जीप लष्कराच्या लिलावातली. मी अमरावतीला वकिली करीत असे, थोरले बंधू बार्शीटाकळीची शेती पाहत. गाडी दोघांनी मिळून घेतलेली. हट्ट मात्र माझा. त्या काळी टायर सहज मिळत नसे, आणि आमच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे पसरलेले. स्टेपनीवाचून निघणे म्हणजे पायी परतण्याची तयारी ठेवणे.

"आपली बैलाची दमणीच बरी होती, वकीलसाहेब," दादा म्हणाले. "तिचं चाक कोनी चोरत नाई."

"दुसरं चाक आणतो मी."

"आन. पन तेही गेलं, तं जीप विकाची. मंग मले कायदा सांगाचा नाई."

मी कबूल केले. दादा शब्दाचे पक्के होते आणि मीही.

दुसरे चाक खटपटीने मिळाले. प्रश्न ते राखण्याचा होता. साखळी कापता येते, कुलूप फोडता येते. विचार करताना मला मूर्तिजापूरचा रस्ता आठवला. तेथे मी प्रथमच या जीपचे डावे चाक काढत होतो आणि सैल करतो आहे अशा समजुतीने नट घाम गाळून घट्ट करीत होतो. या जीपच्या डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, हे मला त्या दिवशी कळले. जो नट मालकाला फसवतो, तो चोरालाही फसवील. भंगारातल्या एका जीपचा तसा बोल्ट व नट मी मिळवला आणि स्टेपनीच्या तीन बोल्टांपैकी एकाच्या जागी बसवून घेतला. दिसण्यात तिन्ही नट सारखे. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही, दादांनाही नाही.

कार्तिकात आम्ही सहकुटुंब कौंडण्यपूरच्या यात्रेला गेलो. जीप गाड्यांच्या गर्दीत उभी करताना दादांनी चाकावर हात ठेवला.

"नीट पाहून घे. दर्शन करून येऊ तवरीक दिसन का नाई, देव जाने."

दर्शन घेऊन परतलो. चाक जागेवर होते. दोन नट गायब होते आणि तिसऱ्यावर एक लांब दांड्याचा पाना घट्ट रुतून लोंबकळत होता. चोराने पुष्कळ जोर लावला असावा. शेवटी कोणाची तरी चाहूल लागल्याने त्याला पाना सोडून पळावे लागले असावे.

"काहून नाई निघालं हे?" दादांनी विचारले.

"नट चांगला आहे," मी म्हणालो. पाना ठोकून सोडवला आणि जीपमध्ये ठेवला.

परतीच्या वाटेवर पुढच्या चाकात काटा शिरला. स्टेपनी काढणे भाग होते. चोराने नट असा आवळून ठेवला होता की माझा आखूड पाना त्यावर चालेना. मी चोराचा लांब पाना काढला. तोच दादांनी तो हातातून घेतला.

"सरक. कोर्टात बसून बसून हात मऊ झाले तुये."

त्यांनी जोर लावला. नट हलेना. मग ते दांड्यावर पाय देऊन उभे राहिले.

"भाऊजी, हे काहून हसून राहिली?" दांड्यावर चढलेले दादा पाहून हसणाऱ्या माझ्या पत्नीकडे बोट दाखवून वहिनींनी मला विचारले. मी मात्र हसू आवरले.

"दादा, तुम्ही आवळता आहात. उलट फिरवा."

ते खाली उतरले. पाना दुसऱ्या बाजूने धरून दाबला. नट कुरकुरला आणि सुटला. दादांनी तो नट बोल्टवर उलटसुलट फिरवून पाहिला.

"उलटे आटे हायेत, तं सांगाचं न मले!"

"कोणालाच सांगितलं नाही, म्हणून चाक राहिलं."

चाक बदलून आम्ही निघालो. अमरावतीला माझ्या घरी पोचल्यावर दादांनी तो पाना पुसला आणि आपल्या हाताने जीपच्या आसनाखाली ठेवला.

पुढच्या हंगामात त्यांनी दमणी विकली.