तिसरी चिठ्ठी
दुपारचे दोन वाजत आले तरी ओपीडीची रांग दाराबाहेरच होती. अमीनाबादच्या बाजारातल्या कापडदुकानात काम करणारे एक वयस्कर गृहस्थ खोकल्यासाठी तिसऱ्यांदा आले होते. मी मान वर न करता चिठ्ठीवर तेच औषध लिहू लागलो.

ते हळूच म्हणाले, “डॉक्टर साहब, एक बार छाती देख लीजिए.”

स्टेथोस्कोप लावला, तर उजवीकडे श्वास जवळजवळ ऐकूच येईना. छातीत पाणी झालं होतं. त्यांना लगेच भरती केलं.

बरे होऊन घरी निघताना ते आभार मानू लागले. मी म्हणालो, “पहले दो बार भी मैंने ही देखा था.”

“मालूम है,” ते म्हणाले, “भीड़ भी तो बहुत रहती है.”

ते रागावले असते, तर मला सोपं गेलं असतं.